हिमजेन्शियनचा पत्ता

कपाट उघडलेच आहे, तर जरा हळू, मित्रांनो. तिसऱ्या फळीवर लाल किनारीचा पुठ्ठा दिसतो ना, त्याच्या आत एक जाड कागद आहे. त्या कागदावर बारीक पट्ट्यांनी चिकटवलेला, चपटा झालेला जुना नमुना म्हणजे मी. मी हिमजेन्शियनचे एक रोप आहे. उंची वीतभर, पाने आठ, फुले तीन. चौथे फूल वाटेतच गळले. ते कागदाच्या कोपऱ्यात एका लहानशा पाकिटात ठेवले आहे.

माझा रंग आता चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला आहे. पूर्वी मी पांढरा होतो. पाकळ्यांवर जांभळ्या रेघा होत्या आणि पाकळ्यांच्या मुळाशी एक हिरवा डाग होता. तो डाग लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावरून बरेच रामायण घडले.

माझ्या शेजारी या कागदावर पाच चिठ्ठ्या आहेत. आमच्या या वनस्पतिसंग्रहालयाचा एक नियम आहे. जुनी चिठ्ठी कधी फाडायची नाही, नवी तिच्या शेजारी चिकटवायची. त्यामुळे माझ्याविषयी कोण काय म्हणाले आणि कोण कुठे चुकले, ते सगळे माझ्या अंगाशीच आहे. मला अक्षरे येत नव्हती. डोंगरावर अक्षरे कुठली? या चिठ्ठ्यांच्या शेजारी पडून पडून मी वाचायला शिकलो. उशिरा शिकलो, म्हणून अजूनही एकेक अक्षर सावकाश वाचतो.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या उंच डोंगरावर झाला. तिथे हिमगम नावाची निलगिरीच्या जातीची झाडे वाऱ्याने वाकून म्हाताऱ्यासारखी उभी असतात. त्यांच्याही वर झाड नाही, नुसते गवत, आणि गवताच्या मधोमध शेवाळाची ओली मैदाने. पाऊल टाकले की पाणी वर येते आणि पाऊल उचलले की परत आत जाते. त्या ओल्या मैदानाच्या कडेला आम्ही राहत होतो. पहिल्या वर्षी आम्हाला फक्त पाने येतात. मग आम्ही बर्फाखाली झोपतो. दुसऱ्या वर्षी, डोंगरावरची बाकी सगळी फुले आवरून गेली की मार्च महिन्यात, आमच्याकडचा उन्हाळा सरताना, आम्ही उमलतो, बी सांडतो आणि मरतो. पुन्हा फुलण्याची सोय आमच्यात नाही. ज्या वर्षी बी सांडायच्या आधी कोणी तुडवले, त्या वर्षी तो वंश तिथेच संपला.

आमचे गणगोत मात्र मोठे आहे. टास्मानियाच्या डोंगरांवर आमचे भाऊबंद आहेत, समुद्रापलीकडे न्यूझीलंडच्या शिखरांवर आहेत आणि त्याहूनही दूर, दक्षिण अमेरिकेच्या पर्वतांवरही आहेत. सगळे थंडीचे सोबती. आमच्यापैकी एखाद्याला खाली दरीत नेऊन बागेत लावले, तर तो दोन महिनेही तग धरत नाही. चवीला आम्ही कडू. म्हणून गुरे आम्हाला खात नाहीत. पण न खाणारे खूरही तुडवतातच.

मला डोंगरावरून आणले मर्ल हॅनिगन या बाईने. मर्ल आणि तिचा नवरा क्लॅरी दर उन्हाळ्यात दरीतून गुरे वर आणत आणि पत्र्याच्या झोपडीत राहत. मार्चमध्ये गुरे परत खाली न्यायची. एवढ्या रानात पांगलेली गुरे गोळा करायची त्यांची एक रीत होती. ठरलेल्या सपाट खडकांवर मीठ पसरायचे आणि लांब हाळी घालायची, "मीऽऽठ! या, मीऽऽठ!" मैलभरावरून गाई धावत येत. पिढ्यान्‌पिढ्या चाटून ते खडक काचेसारखे गुळगुळीत झाले होते.

त्या दिवशीही हाळी घालून झाली होती. क्लॅरी घोड्यावरून डोकी मोजत होता आणि मर्ल माझ्यासमोर गुडघे टेकून बसली होती.

"अगं, गुरं निघाली आणि तू गवत काय न्याहाळत बसलीस?" क्लॅरी ओरडला.

"गवत नाही, फूल आहे. याच्या मुळाशी हिरवा डाग आहे. दुसऱ्यांना नसतो."

"गाय खाते का ते?"

"नाही."

"मग ते असलं काय नि नसलं काय!"

"गाय तुलाही खात नाही, क्लॅरी," मर्ल म्हणाली आणि तिने मला मुळासकट अलगद उपटले.

मला दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले. पण माझ्या आधीच्या फुलांचे बी सांडून झाले होते, म्हणून मी रागावलो नाही.

मर्लला माझी हौस उगाच नव्हती. आदल्याच हिवाळ्यात, तिशी उलटल्यावर, ती लिहायला शिकली होती. तिचे लहानपण गुरांच्या तळांवर गेले होते, शाळा तिने फक्त रस्त्यावरून पाहिली होती. दरीतल्या मास्तरांच्या बायकोला ती दर शनिवारी लोण्याचा गोळा नेऊन देई आणि त्याबदल्यात एक तास अक्षरे गिरवी. मग एक दिवस क्लॅरीने वर्तमानपत्रातून वाचून दाखवले, की शहरातल्या वनस्पतिसंग्रहालयाला डोंगरावरची रोपे हवी आहेत, कुणीही पाठवावीत, फक्त कुठे मिळाले ते लिहावे. मर्लने तेव्हाच ठरवले होते, की आपले पहिले पत्र तिकडेच जाणार.

तिने मला त्याच वर्तमानपत्राच्या घडीत घातले आणि वर मिठाची दोन पोती ठेवली. आठ दिवसांनी मी असा चपटा झालो. मग ती चुलीपाशी पेन्सिल घेऊन बसली. जीभ दातांत धरून तिने चार ओळी लिहिल्या. क्लॅरी निखाऱ्यांवर भाजलेला पाव खात बघत होता.

"एवढ्या वेळात मी वासराला मालकीचा डाग देऊन, त्याला त्याच्या आईकडे पोचवून परत आलो असतो," तो म्हणाला.

"तू दिलेला डाग तरी कुणाला वाचता येतो?" मर्ल म्हणाली.

ती चिठ्ठी ही पहा, डावीकडची. "हॅनिगनांच्या झोपडीपासून वर, पाऊण तास चाल. ओल्या मैदानाची कडा, उन्हाची बाजू. शेवाळात. १८ मार्च. मर्ल हॅनिगन." अक्षरे मोठी आणि वाकडी आहेत, पण एकही खाडाखोड नाही.

मी शहरात आलो. इथल्या लोकांनी मला जाड कागदावर चिकटवले. एका साहेबांनी मला दोन मिनिटे पाहून दुसरी चिठ्ठी लावली: "सामान्य हिमजेन्शियन." पुढे डोंगराचा नकाशा छापून आला, तेव्हा त्यावर जिथे हॅनिगनांची झोपडी लिहिलेली होती तिच्या वर त्यांनी माझ्या नावाचा एक काळा ठिपका दिला. असे ठिपके देऊन देऊन कोणते फूल कुठे उगवते ते ठरवतात. मग कपाट बंद झाले. वीसेक वर्षे माझ्यावर उजेड पडला नाही.

त्यानंतर डॉ. लीमिंग आले. मोठे विद्वान आणि भले चिकाटीचे माणूस. देशभरातल्या जेन्शियनचे त्यांनी सहाशे नमुने टेबलावर मांडले होते. भिंग धरून ते एकेकाच्या पाकळ्या मोजत. माझ्यापाशी आले आणि थांबले. माझी एक पाकळी त्यांनी गरम पाण्याच्या थेंबाने मऊ केली, उलटी केली, आणि तो हिरवा डाग पाहून टाळीच वाजवली. तिसरी चिठ्ठी त्यांची. तिच्यावर लिहिले होते, की मी सामान्य नाही, माझी जातच वेगळी आहे आणि तिचा जगातला एकमेव नमुना मीच आहे. माझे दुसऱ्यांदा बारसे झाले. मला हा लाल किनारीचा पुठ्ठा मिळाला. ज्या नमुन्यावरून जातीला नाव मिळते, त्यालाच तो मिळतो. दूरदूरचे लोक मला बघायला येऊ लागले. खोटे कशाला बोलू, मी फुगलो होतो.

पण एकट्या नमुन्यावर विद्वानांचे समाधान होत नाही. डॉ. लीमिंगांना माझे जिवंत भाईबंद हवे होते. ते लागोपाठ तीन वर्षे मार्चमध्ये नकाशा घेऊन हॅनिगनांच्या झोपडीवर गेले. दरीत जाऊन मर्लला विचारावे असे काही त्यांना सुचले नाही; झोपडीपासून वरचे सगळे रान त्यांनी गुडघ्यांवर पिंजून काढले. सामान्य हिमजेन्शियन शेकड्यांनी मिळाले. हिरव्या डागाचे एकही नाही. शेवटी त्यांनी वैतागून आपल्या लेखात लिहिले: "नमुना पाठवणारी बाई अल्पशिक्षित होती. तिने दिलेले ठिकाण विश्वासार्ह नाही."

पुढे सिडनीहून दुसरे एक विद्वान आले. ते म्हणाले, एका रोपावरून कुठे जात होते का? हे सामान्य हिमजेन्शियनचेच बिघडलेले रोप आहे. ही चौथी चिठ्ठी. पुठ्ठा लालच राहिला, पण तो उघडायला कोणी येईना.

मित्रांनो, उपेक्षा म्हणजे काय ते कपाटातल्या वस्तूला विचारा. दर दोन वर्षांनी कीड मारण्यासाठी आम्हाला पंधरा दिवस गोठणाऱ्या खोलीत ठेवत. बाकीचे नमुने कुरकुरत. मला मात्र तिथे माहेरी गेल्यासारखे वाटे. अंधारात थंडी अंगावर आली की मी विचार करी, वर माझे कोणी उरले असेल का? की मी खरोखरच एक बिघडलेले रोप होतो, आणि माझ्यामागे कोणी नव्हतेच?

अशा वेळी वांडा कोवाल्चिक इथे नोकरीला आली. तिचे वडील पोलंडहून डोंगरात धरणे बांधायला आले आणि तिथेच राहिले, म्हणून वांडाला डोंगर पायांनी माहीत होता. काम करताना स्वतःशी बोलायची तिला सवय होती. तिने माझी पहिली चिठ्ठी वाचली, शेजारी नकाशा पसरला, आणि म्हणाली, "हे काय? ही झोपडी तर जवळजवळ माथ्यावर आहे. इथून वर पाऊण तास चाललं तर माणूस स्वर्गात पोचेल."

त्याच आठवड्यात राष्ट्रीय उद्यान खात्याचा ग्रेम तिच्याकडे आला. धिप्पाड, दमलेला माणूस. डोंगरावर रानटी घोडे आणि सांबरे फार वाढली होती. ती ओल्या मैदानांत लोळत आणि शेवाळाचा चिखल करून टाकत. ग्रेमने टेबलावर नकाशा ठेवून तीन मैदानांवर बोट ठेवले.

"खांब आणि तारा दोनच मैदानांपुरत्या आहेत. एक हे आणि एक हे. दोन्हीकडे तुझे ठिपके आहेत. महिनाअखेर यादी पक्की करायची, म्हणजे बर्फाच्या आधी कुंपण उभं राहील."

"आणि नदीअलीकडचं हे तिसरं?"

"तिथे चिखल आहे आणि सांबरं आहेत. तुझ्या नकाशावर तिथे एक ठिपका नाही. कशाला कुंपण घालू? चिखल चोरीला जाऊ नये म्हणून?"

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी तिथे शेवाळच नसेल, वांडा. अर्धं आताच गेलंय."

तो गेल्यावर वांडाने दरीतल्या दुकानात फोन लावला. फोनमधला आवाज एवढा मोठा होता, की मलाही ऐकू आला.

"मर्ल हॅनिगन नावाच्या एक बाई तिकडे होत्या. त्यांच्या घरचं कुणी आहे का?"

"होत्या? अहो, आहेत! आत्ताच मला शिळी बिस्किटं विकली म्हणून चार शब्द सुनावून गेल्या."

चौथ्या दिवशी मर्ल आली. ऐंशी वर्षांची, वाळक्या फांदीसारखी, डोक्यावर पुरुषी हॅट. क्लॅरी जाऊन बारा वर्षे झाली होती. वांडाने मला टेबलावर आणले, तेव्हा मर्लने माझ्या फुलांकडे पाहिले, पण चिठ्ठीवरून नजर बाजूला घेतली.

"ही तुमचीच चिठ्ठी ना, मिसेस हॅनिगन?"

"मर्ल म्हण. मिसेस हॅनिगन माझी सासू होती आणि ती मला आवडायची नाही. काय लिहिलंय ते तूच वाच."

"तुम्हाला वाचता येतं की."

"येतं गं. पण हे नको."

वांडाने तिला खुर्ची दिली. मग मर्लच बोलू लागली. डॉ. लीमिंगांचा लेख दरीत पोचला होता आणि गावच्या सभागृहात कुणीतरी तो मोठ्याने वाचला होता. लोक बरेच दिवस तिला "मर्ल, तुझं भुताचं फूल कसं आहे?" असे चिडवत. त्यात वाईट हेतू नव्हता, पण तिने ते मनाला लावून घेतले.

"बोलताना मी कधी चुकत नाही," मर्ल म्हणाली. "पण लिहिणं माझ्या हाताला उशिरा आलं. एवढे शिकलेले साहेब तीन वर्षं शोधून गेले आणि सापडलं नाही, तेव्हा मला वाटलं, मीच काहीतरी भलतं लिहून बसले असणार. कुणाला सांगणार? त्या दिवसापासून मी दुकानाची यादीसुद्धा लिहिली नाही. तोंडीच सांगते."

पंचवीस वर्षे, मित्रांनो! मी इकडे अंधारात विचार करत होतो, की माझे रूपच चुकले असेल. ती तिकडे विचार करत होती, की आपली अक्षरेच चुकली असतील.

वांडाने चिठ्ठी सावकाश वाचून दाखवली. मर्लने मान वर केली.

"हे तर बरोबर आहे!"

"हॅनिगनांच्या झोपडीपासून वर, पाऊण तास?"

"हो. बादली घेऊन गेलं तर एक तास."

वांडाने नकाशा पुढे सरकवला. "पण मर्ल, या झोपडीच्या वर एवढी जागाच नाही."

मर्लने चष्मा पुसला आणि नकाशावर वाकली. "ही कुठली?"

"हॅनिगनांची झोपडी."

"छे! ही नवी."

"नवी कशी? पन्नास वर्षांची आहे."

"तेच म्हणते मी. नवी."

मग उलगडा झाला. मला पाठवले त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात मोठा वणवा आला. जुनी झोपडी जळाली, पत्रे तेवढे उरले. क्लॅरीने ते पत्रे घोड्यांवर लादले, नदी ओलांडली आणि चार मैल पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाला, नवी झोपडी उभारली. नकाशा काढणारे आले ते त्यानंतर. आमच्या डोंगरावर झोपडीचे नाव जागेला नसते, घराण्याला असते. पत्रे जिथे जातात, तिथे नाव जाते.

"तुम्ही हे कधी कुणाला सांगितलं नाही?" वांडाने विचारले.

"सांगायचं काय त्यात? झोपडी हलली हे सगळ्यांना ठाऊक आहे," मर्ल म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे... आम्हा सगळ्यांना."

तिने नकाशावर नदीच्या अलीकडे बोट ठेवले. तिथून वर सरकत ते बोट ज्या मैदानावर येऊन थांबले, ते ग्रेमचे तिसरे मैदान होते. मार्च संपायला नऊ दिवस उरले होते.

त्या नऊ दिवसांत मी कपाटात होतो. डोंगरावर काय झाले ते मला पुढे या टेबलावरच्या गप्पांतून कळले. तेच तुम्हाला सांगतो.

ग्रेमने वांडाला आणि मर्लला जीपमधून नेले, पण रस्ता संपला तिथून पुढे चालायचे होते. जुन्या झोपडीचा मागमूस राहिला नव्हता. नुसते गवत. वांडाला वाटले, संपले. मर्लने मात्र काठीने गवत चाचपले आणि एका सपाट खडकावर हात फिरवला. तो काचेसारखा गुळगुळीत होता.

"हा आमच्या मिठाचा खडक," ती म्हणाली. "झोपडीचं दार याच्या समोर होतं. आता इथून वर पाऊण तास. पण माझ्या तेव्हाच्या पायांनी हो, आताच्या नाही. आताच्या पायांनी मी पोचेन तेव्हा तुम्ही माझाच नमुना करून कागदावर चिकटवाल. तू जा. मी इथे बसते."

वांडा वर गेली. अर्ध्या वाटेवर ढग खाली उतरले. आमची एक खोड आहे. ऊन गेले की आम्ही पाकळ्या मिटून घेतो, आणि मिटलेला जेन्शियन गवतात शोधणे म्हणजे पिठात मीठ शोधणे. वांडाला फूल दिसेना आणि थोड्या वेळाने परतीची वाटही दिसेना. खाली खडकावर बसलेल्या मर्लने ढग पाहिले आणि जुनी हाळी घातली. "मीऽऽठ! ये, मीऽऽठ!" त्या आवाजाच्या मागावर वांडा पायरी पायरीने खाली आली. तिच्या आधी ढगातून दुसरेच कोणी आले होते: शेजारच्या रफर्टींची एक चुकलेली गाय. ती मर्लसमोर उभी राहून खडक चाटत होती.

"काही मिळालं?" मर्लने विचारले.

"नाही."

"हिला पण काही मिळालं नाही. खिशात एक बिस्कीट आहे, दोघी अर्धं अर्धं घ्या."

रात्री ते नव्या झोपडीत राहिले. ग्रेम म्हणाला, "मी उद्या दुपारपर्यंत थांबतो. मग मला यादी द्यावीच लागेल." सकाळी आकाश स्वच्छ होते. वांडा पुन्हा मिठाच्या खडकापासून निघाली, घड्याळ लावून, मर्लने सांगितले तशी भरभर. चौपन्नाव्या मिनिटाला ती ओल्या मैदानाच्या उन्हाच्या बाजूला पोचली. मैदानाचा खालचा भाग खुरांनी कालवून काळा झाला होता. त्या चिखलात तिला चार रोपे दिसली, फुलांसकट दाबलेली. तिने एक पाकळी उलटी केली. मुळाशी हिरवा डाग होता. वांडा तिथेच चिखलात बसली आणि तिला रडू आले. मग तिने डोळे पुसून वर पाहिले. चिखल जिथे संपत होता, तिथून हातभर अंतरावर, शेवाळात, उन्हात उघडलेले माझे भाईबंद उभे होते. तिने तीनदा मोजले. एकोणीस.

ग्रेम धापा टाकत वर आला. त्याने रोपे बोटाने मोजली. "एकोणीस रोपांसाठी कुंपण?" तो म्हणाला.

हे त्याने खाली येऊन मर्ललाही ऐकवले. मर्ल म्हणाली, "तू घरात एकुलता एक ना रे? मग एकासाठी कशाला म्हणून तुझ्या आईनं तुला हिवाळ्यात बाहेर ठेवलं होतं का?"

"मिसेस हॅनिगन, तिथे इतकी वर्षं चिखल तुमच्याच गुरांनी केला."

मर्लचा चेहरा उतरला, पण तिने नजर चुकवली नाही. "केला. क्लॅरी म्हणायचा, गाय खात नाही ते असलं काय नि नसलं काय. मी हसून सोडून द्यायचे. म्हणून तर म्हणते, आता पुरे."

ग्रेमने डोके खाजवले, नकाशा गुडघ्यावर घेतला आणि पेन्सिलीने काहीतरी आखले. "दोन्ही कुंपणं थोडी थोडी आत घेतो. उरलेल्या तारेत या कडेपुरतं होईल. पण खांब वाहायला माणसं लागतील."

"माणसं मी आणते," मर्ल म्हणाली. "भुताचं फूल म्हणणारे अजून पाच-सहा जण जिवंत आहेत. त्यांना बघू दे भूत."

खरेच ते आले. सत्तरी ओलांडलेले गुराखी, त्यांची मुले, रफर्टींचे दोन घोडे. पहिला बर्फ पडायच्या आदल्या दिवशी शेवटची तार ताणली गेली.

वांडाने तिथून एकही रोप उपटले नाही. छायाचित्रे काढली आणि गळून पडलेली एक पाकळी आणली. ती माझ्या पाकळीशेजारी ठेवून तिने भिंगातून पाहिले, आणि मग पाचवी चिठ्ठी लावली. माझी जात वेगळी, डॉ. लीमिंगांनी दिलेले नाव बरोबर, आणि मर्ल हॅनिगन यांनी दिलेले ठिकाणही बरोबर. नकाशावरचा माझा ठिपका तिने पुसला आणि चार मैल पश्चिमेला, नदीच्या अलीकडे दिला. ते पाहायला मर्लला मुद्दाम बोलावले होते.

मर्लने ठिपका पाहिला, समाधानाने मान हलवली आणि निघता निघता माझ्या शेजारच्या पुठ्ठ्यावर तिची नजर पडली. तिने चष्मा लावला. मग स्वतःहून, मोठ्याने वाचले, "रफर्टींच्या झोपडीमागे, ओढ्याकाठी."

"वांडा, ही कुठल्या सालची चिठ्ठी?"

"का?"

"रफर्टींची झोपडी दोनदा हलली आहे."

वांडाने नकाशा पुन्हा पसरला. मग तिने उघडलेले कपाट तसेच ठेवले आणि पलीकडचेही उघडले. त्या दुपारी एकामागून एक पुठ्ठे टेबलावर आले. डेझी आले, नेचे आले, डोंगरी बटरकप आले. मर्ल प्रत्येक चिठ्ठी स्वतः वाचे, अक्षरावर बोट ठेवून, आणि सांगे. ही टॉबिन गुराख्याची, ही जळाली नाही, नुसती खाली ओढून नेली. ही तर झोपडीच नव्हे, टॉबिनच्या भावाचा तंबू, पण तो अकरा वर्षं तिथेच होता म्हणून आम्ही झोपडी म्हणायचो. संध्याकाळपर्यंत एकतीस ठिपके हलले. एकतीस रोपे, जी विद्वानांच्या लेखी हरवली होती किंवा खोटी होती, ती आपापल्या घरी परतली.

"आता चहा दे गं बाई," शेवटी मर्ल म्हणाली, "आणि उद्या परत लवकर सुरू करू. नेच्यांचं अर्धं कपाट बाकी आहे."

मित्रांनो, तुम्ही डोंगरावर गेलात आणि एखादे फूल आवडले, तर ते तोडू नका. मला एकदा तोडले ते पुरे. पण त्याचा पत्ता जरूर लिहून ठेवा, वाकड्या अक्षरात का होईना. आणि कुणी लिहिलेल्या पत्त्यावर काही सापडले नाही, तर लिहिणाऱ्याला खोटे ठरवण्याआधी त्या रानात हयात घालवलेल्या एखाद्या माणसाच्या दारात जाऊन बसा. त्याला जे ठाऊक असते, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे असे त्याला वाटत असते. म्हणून ते तो आपण होऊन सांगत नाही. तो माणूस गेला, की ते कुठल्याच कपाटात मिळत नाही.

माझी नावे तीनदा बदलली. त्याने वर उगवणाऱ्या एकाही रोपाचे काही बिघडले नाही. पण पत्ता हरवला होता तोवर त्यांचा चिखल होत होता. या मार्चमध्ये वांडा कुंपणाच्या आत जाऊन पुन्हा मोजून आली. त्रेसष्ट.